दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्याने बिघडलेली पत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून गेली काही वर्षे माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत वागळे इस्टेटमधील कामगार आहेत, वाशीच्या बाजार आवारात गाळ्यावर काम करणारे आहेत आणि घोडबंदर रस्त्याला किंवा उलव्यात पहिले घर घेऊ पाहणारी तरुण जोडपीही आहेत. बहुतेकांनी सही भिडेपोटी केलेली असते आणि ती कशावर केली, हे स्वतःचा कर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर उमगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी संबंधित प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

प्र. 1. मी एक रुपयाही कर्ज घेतलेले नाही, फक्त जामीनदार म्हणून सही केली. मग माझा सिबिल स्कोअर का घसरला?

कारण जामीनदार हा साक्षीदार नसतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 126 नुसार जामीनदार म्हणजे कर्जदाराने पैसे न दिल्यास आपण देऊ असे वचन देणारा, आणि कलम 128 नुसार करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे जामीन दिलेले कर्ज तुमच्या पतअहवालातही नोंदवले जाते आणि हप्ते थकले की ती थकबाकी तेथे उमटते. ‘सिबिल’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यावरून स्कोअर देणाऱ्या अशा चार कंपन्या (पतकंपन्या) देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. एकीकडे चूक दुरुस्त झाली म्हणजे बाकी तिघींकडेही झाली, असे गृहीत धरू नये.

प्र. 2. जामीनदार आणि सहकर्जदार यांत फरक काय?

सहकर्जदार पहिल्या दिवसापासून कर्जाचा देणेकरी असतो; जामीनदाराकडे मागणी येते ती कर्जदार चुकल्यावर. पतअहवालात सहकर्जदाराचे खाते ‘जॉइंट’ म्हणून आणि जामीनदाराचे ‘गॅरंटर’ म्हणून दिसते. कायद्याने जामीनदाराला जी काही संरक्षणे दिली आहेत (प्र. 11 आणि 12), त्यांचा आधार सहकर्जदाराला त्याच रीतीने घेता येत नाही. शाखेत कागद पुढे सरकवताना कोणी ‘नुसती जामिनाची सही आहे’ असे म्हणाले, तरी तुमच्या नावापुढे कोणता शब्द छापला आहे हे स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. मंजुरीपत्राची आणि करारनाम्याची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. ती आजवर मागितली नसेल, तर आज लेखी अर्ज करून मागा.

प्र. 3. कर्जदार हप्ते वेळेवर भरत आहे. तरीही माझ्या स्वतःच्या कर्जावर परिणाम होईल का?

स्कोअर त्यामुळे सहसा घसरत नाही, पण कर्जाची पात्रता कमी होऊ शकते. तुमच्या घरकर्जाचा हिशेब करताना बँक जामीन दिलेल्या कर्जाकडे तुमच्यावरील संभाव्य बोजा म्हणून पाहू शकते आणि त्या प्रमाणात मंजूर रक्कम घटवू शकते. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतः घर घेणार असाल, तर मोठ्या रकमेला जामीन राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्र. 4. माझ्या अहवालात नेमके काय पाहावे, आणि त्याला पैसे पडतात का?

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. 300 ते 900 या पट्टीवरील आकडा पाहून थांबू नका. प्रत्येक खात्यापुढील तुमची भूमिका, शिल्लक रक्कम आणि महिन्यागणिक थकलेले दिवस तपासा. या दिवसांच्या रकान्याला ‘डीपीडी’ म्हणतात. हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की बँक ते खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरवते. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) किंवा ‘रिटन-ऑफ’ (बुडीत म्हणून हिशेबातून काढलेले) हे शब्द दिसले, तर त्या खात्याचे पैसे पूर्णपणे फिटलेले नाहीत, असा पुढचा कर्जदाता अर्थ काढतो.

प्र. 5. बँकेने आधी कर्जदाराकडे वसुली करायला नको का? त्याच्याकडे गाडी आहे, घर आहे.

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा आला आहे आणि याचे उत्तर लोकांना सर्वाधिक कडू लागते. बँकेने कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय आधी करून पाहिलेच पाहिजेत, असे कायदा सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केले: धनकोला थांबवून ठेवले, तर जामिनाचा हेतूच नष्ट होतो. त्यामुळे बँक दोघांवर एकत्र किंवा थेट तुमच्यावर कारवाई करू शकते. तुमचे स्वतःचे घर किंवा गाळा तारण दिला असेल, तर तारण मालमत्तेवरून वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस तुम्हालाही येऊ शकते, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत जामीनदार ‘कर्जदार’ या शब्दातच मोडतो. थकबाकी 20 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास बँक ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. मुंबईच्या न्यायाधिकरणांपैकी एक वाशीत आहे.

नोटीस आली की ती न स्वीकारता परत पाठवण्याची चूक अनेक जण करतात. त्याने कारवाई थांबत नाही, उत्तर देण्याची संधी मात्र निघून जाते.

प्र. 6. आत्ताच एक-दोन हप्ते थकल्याचे कळले आहे. मी काय करावे?

याच टप्प्यावर सर्वांत जास्त वाचवता येते, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आणि तरीही एका सहकाऱ्याच्या वाहनकर्जाला जामीन राहून हा अनुभव स्वतः घेतला. कर्ज दुसऱ्या एका बँकेचे होते. जामीन देताना मी कळव्याला राहत होतो. पुढे ठाणे पश्चिमेला आलो आणि त्या बँकेला नवा पत्ता कळवायचे राहून गेले. पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली. माझ्या घरकर्जाची फाइल नामंजूर झाली, तेव्हा पाच हप्ते थकल्याचे कळले. तेव्हा दर महिन्याला चौकशी केली असती, तर पहिल्याच हप्त्याला हालचाल करता आली असती.

म्हणून सर्वप्रथम बँकेला तुमचा आजचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल लेखी कळवा व पोच घ्या. थकबाकीची नोंद पतकंपन्यांना पाठवताना बँकांनी ग्राहकाला लघुसंदेश किंवा ई-मेलने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण क्रमांकच जुना असेल, तर त्याचा उपयोग नाही. त्यानंतर कर्जखात्याचा उतारा मागा आणि मुद्दल, व्याज व दंडाची रक्कम वेगवेगळी समजून घ्या.

मग कर्जदाराशी बोला, आणि बोलून झाल्यावर तेच मुद्दे संदेशाने किंवा पत्राने त्याला पाठवा. त्याची नोकरी गेली असेल किंवा आजारपण आले असेल, तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज त्याने स्वतः बँकेकडे करायला हवा. तो अर्ज 90 दिवसांच्या आत गेला, तर बँकेशी बोलणे पुष्कळ सोपे जाते.

तुम्हाला हप्ता भरावाच लागला, तर पैसे कर्जदाराच्या हातात कधीही देऊ नका. मुलाची फी, घरभाडे अशा निकडीपुढे ते पैसे दुसरीकडे वळतात. त्यात त्याची नियत वाईटच असते असे नाही. रक्कम तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, तपशिलात ‘जामीनदाराकडून भरणा’ असे लिहा आणि पावती जपून ठेवा. पुढे पैसे परत मागताना (प्र. 11) हाच कागद उभा राहतो. ज्यांना दोन-तीन हप्ते झेपतात, त्यांनी ते भरून खाते 90 दिवसांच्या आत ठेवावे, असा सल्ला मी देतो. ज्यांना संपूर्ण कर्ज झेपणार नाही आणि कर्जदाराचा पत्ताही लागत नाही, त्यांनी मात्र दागिने मोडून हप्ते भरत राहण्यापेक्षा आधी वकिलाला करारनामा दाखवावा.

प्र. 7. बँक कमी रकमेत ‘सेटलमेंट’ करायला तयार आहे. घ्यावे का?

पैसे वाचतात, पण डाग राहतो. तडजोडीने मिटवलेले खाते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदवले जाते. लोकअदालतीत तडजोड झाली, तरी हे बदलत नाही. शिवाय तडजोडीनंतर त्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान 12 महिन्यांचा थंडावा काळ ठेवावा, असे रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये बँकांना सांगितले आहे. शेतीकर्जासाठी तो काळ वेगळा असू शकतो.

तुमचे वय कमी असेल, घर घ्यायचे असेल आणि रक्कम आवाक्यात असेल, तर पूर्ण भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घ्यावे आणि ती रक्कम कर्जदाराकडून कायद्याने मागावी. निवृत्ती जवळ आली असेल आणि यापुढे कर्ज घ्यायचेच नसेल, तर तडजोड करण्यात गैर काही नाही. दोन्ही बाबतींत जामीनदाराची जबाबदारी संपल्याचे वाक्य बँकेच्या पत्रात स्वच्छ शब्दांत असले पाहिजे. केवळ ‘कर्जदाराशी तडजोड झाली’ असे पत्र घेऊन परतू नका.

प्र. 8. पूर्ण पैसे भरले, निरंक दाखलाही (देणे बाकी नसल्याचे पत्र) मिळाला; पण अहवालात थकबाकी अजून दिसते.

आधी दोन पंधरवडे थांबा, कारण 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला माहिती अद्ययावत करणे अपेक्षित आहे. तरीही नोंद बदलली नाही, तर बँक आणि पतकंपनी या दोघांकडे दाखला व पावत्या जोडून तक्रार करा. पतकंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलत नाही. ती बँकेकडून खातरजमा करून घेते. त्यासाठी बँकेला 21 दिवस आणि एकंदर निराकरणाला 30 दिवसांची मुदत आहे. 30 दिवस उलटल्यास तक्रारदाराला प्रत्येक दिवसामागे 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तक्रार फेटाळली, तर कारण सांगणेही बंधनकारक आहे.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पतकंपन्याही सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. पतसंस्थांचा मार्ग वेगळा आहे, तो प्र. 10 मध्ये पाहा.

प्र. 9. सगळे मिटल्यावर स्कोअर किती दिवसांत पूर्ववत होतो?

ठरावीक दिवस सांगणारा माणूस तुमची फसवणूक करत आहे. खरी असलेली जुनी नोंद पैसे घेऊन ‘पुसून’ देणारे एजंट ठाणे स्टेशनपासून बेलापूरपर्यंत भेटतात. तसा कोणताही मार्ग अस्तित्वात नाही. पतकंपन्या इतिहास किमान सात वर्षे जपतात. मात्र जुन्या थकबाकीचे वजन काळाबरोबर कमी होते आणि नव्या, वेळेवर भरलेल्या हप्त्यांचे वाढत जाते. मुदतठेवीच्या तारणावर मिळणारे छोटे क्रेडिट कार्ड घेऊन मर्यादेच्या थोड्याच भागापुरते वापरणे आणि दरमहा पूर्ण बिल भरणे, हा मला सर्वांत सुरक्षित वाटलेला मार्ग आहे. या काळात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नका; प्रत्येक चौकशीची नोंद होते. घरकर्जासाठी जाताना मात्र ती थकबाकी जामिनाची होती आणि तुम्ही ती फेडली, हे सांगणारे पत्र व पावत्या सोबत न्या. फाइल पाहणारा अधिकारी माणूस असतो आणि या कागदांचा विचार होतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिले आहे.

प्र. 10. कर्ज बँकेचे नाही, कंपनीतील पतसंस्थेचे आहे. माझ्या पगारातून परस्पर कपात सुरू झाली. हे कायदेशीर आहे का?

बहुधा होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 नुसार सभासदाने तसा करार लिहून दिलेला असेल, तर मालकाला पगारातून संस्थेचे येणे कापून द्यावे लागते. जामीनकीच्या अर्जाबरोबर ते संमतिपत्र सही करून दिलेले असते आणि नंतर कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती प्रत संस्थेकडून मागा आणि कपात त्यात लिहिलेल्या मर्यादेतच आहे ना, ते पाहा.

पतसंस्थेला दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही. कलम 101 खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेता येतो आणि वसुली अधिकारी त्यावरून जामीनदाराच्या मालमत्तेवर जप्तीही आणू शकतो. या चौकशीची नोटीस येते तेव्हा उपनिबंधक कार्यालयात हजर राहून लेखी म्हणणे देणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण दाखला निघाल्यावर कलम 154 खाली पुनरीक्षणासाठी, म्हणजे त्या आदेशाच्या फेरतपासणीसाठी, जायचे असेल तर दोन महिन्यांची मुदत असते आणि वसूल करावयाच्या रकमेच्या 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत चौकशीला गैरहजर राहिलेले जामीनदार सर्वांत अडचणीत आलेले दिसले. पतसंस्थेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही. ती सहकार खात्याकडेच करावी लागते.

प्र. 11. मी भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मिळतात का?

हक्क पूर्ण आहे. करार अधिनियमाच्या कलम 145 नुसार जामीनदाराने योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराने भरून द्यायची असते. कलम 140 नुसार पैसे भरल्यावर बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात आणि कलम 141 नुसार बँकेकडील तारणाचा लाभही. म्हणून पूर्ण भरणा करताना तारणाची कागदपत्रे कर्जदाराकडे परस्पर परत देऊ नयेत, असे बँकेला आधी लेखी कळवा. जामीनदार एकाहून अधिक असतील आणि तुम्ही एकट्यानेच भरले असेल, तर कलम 146 नुसार इतरांकडून त्यांचा समान वाटा मागता येतो. दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षे आहे. कर्ज सहकारी संस्थेचे असेल, तर हा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात चालतो.

प्रत्यक्षात अडते ते नात्यापाशी. ‘सख्ख्या भावावर दावा कसा लावू?’ असे विचारणाऱ्यांना मी दावा लावाच असे सांगत नाही. पण त्याच्याकडून रक्कम मान्य केल्याचा कागद मुदत संपण्याआधी सहीनिशी घ्या, एवढे नक्की सांगतो. भाऊबंदकीत बोलण्याने जे तुटते, ते मोघमपणाने त्याहून अधिक तुटताना मी पाहिले आहे.

प्र. 12. मला जामीनकीतून बाहेर पडता येईल का?

मुदतकर्जाची रक्कम उचलली गेली असेल, तर एकतर्फी पत्र देऊन बाहेर पडता येत नाही. बँकेला मान्य होईल असा दुसरा जामीनदार किंवा पुरेसे तारण कर्जदाराने दिले, तरच सुटका होते. व्यवसायाच्या कॅश क्रेडिटसारख्या (ठरलेल्या मर्यादेत पैसे काढता-भरता येणाऱ्या) कर्जाचा सततचा जामीन मात्र करार अधिनियमाच्या कलम 130 नुसार पुढील व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो. नोटीस पोहोचण्याआधी उचललेल्या रकमेची जबाबदारी तरीही राहते.

तुमच्या संमतीशिवाय बँक आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या, तर त्याच अधिनियमाच्या कलम 133 नुसार त्यानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही मुक्त होता. पण छापील जामीनपत्रांत अशा बदलांना आगाऊ संमती दिल्याचे कलम सहसा असते, म्हणून या मुद्द्यावर विसंबण्यापूर्वी तुमचे जामीनपत्र वकिलाला दाखवा.

प्र. 13. न्यायालयाचा हुकूमनामा झाला, तर सगळा पगार आणि पीएफ जाईल का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. हिशेबात धरण्याजोगा पगार 40,000 रुपये असेल, तर जास्तीत जास्त 13,000 रुपयांवर जप्ती येऊ शकते, तीही एका हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिनेच. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला संरक्षण आहे. संमतीने होणारी पतसंस्थेची कपात (प्र. 10) या हिशेबात बसत नाही.

प्र. 14. घटस्फोट झाला. खारघरच्या फ्लॅटचे कर्ज त्याने फेडायचे असे न्यायालयात ठरले, पण थकबाकी माझ्या नावावर दिसते.

पती-पत्नींमध्ये ठरलेली अट बँकेवर बंधनकारक होत नाही, कारण बँक त्या प्रकरणात पक्षकार नव्हती. तुम्ही सहकर्जदार आहात (प्र. 2) आणि बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत राहाल. त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावे किंवा दुसऱ्या बँकेकडे न्यावे, हाच पक्का मार्ग आहे. तो टाळाटाळ करत असेल, तर मान्य केलेल्या अटींच्या अंमलबजावणीसाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. ज्यांचे प्रकरण अजून चालू आहे, त्यांनी कर्जातून नाव कमी करून देण्याची तारीखच संमतीच्या अटींत लिहून घ्यावी.

प्र. 15. कर्जदार वारला. आता मी सुटलो का? आणि जामीनदारच वारला तर?

कर्जदाराच्या मृत्यूने कर्ज संपत नाही, म्हणून तुमची जबाबदारीही संपत नाही. कर्जाला विमा जोडला होता का, हे सर्वांत आधी तपासा. शोकात असलेल्या घराला ते सुचत नाही आणि तुम्ही विचारले तर त्यांचेही भले होते. जामीनदार वारल्यास, आधी घेतलेल्या कर्जासाठी वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वकष्टार्जित कमाईवर ती येत नाही.

प्र. 16. सही माझी नाहीच. मी जामीनदार असल्याचे अहवाल पाहून कळले.

बँकेकडे जामीनपत्राची व ओळखपत्रांची प्रत लेखी मागा, सही नाकारत असल्याचे त्याच पत्रात लिहा, पोलिसांत तक्रार द्या आणि पतकंपनीकडे वाद नोंदवा (प्र. 8). तोपर्यंत ‘तात्पुरता एक हप्ता भरा, मग पाहू’ असे कोणी सुचवले, तर ऐकू नका. तुम्ही भरलेला एक हप्ताही जामीन मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो.

प्र. 17. मित्राच्या कंपनीला वैयक्तिक हमी दिली होती. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कर्जफेडीची योजना मंजूर होऊन तिचे कर्ज कमी झाले. माझेही कमी झाले का?

आपोआप नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केले की, कंपनीची योजना मंजूर झाल्याने वैयक्तिक हमीदार आपोआप मुक्त होत नाही. अशा हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली स्वतंत्र कारवाई करण्याची तरतूद 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. शिवाय ऐपत असूनही हमी न पाळणाऱ्याला, थकबाकी 25 लाख रुपये किंवा अधिक असल्यास, हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. त्याआधी कारणे दाखवा नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी दिली जाते. आपली खरी आर्थिक स्थिती, विवरणपत्रे आणि खात्यांचे उतारे त्या उत्तरासोबत वेळेत सादर करा, आणि हे उत्तर दिवाळखोरी कायद्यात काम करणाऱ्या वकिलाकडूनच लिहून घ्या.